पाय टेकायला जागा

नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून मालवणला स्नॉर्केलिंगला जाणार असाल, तर तयारी तलावपाळीपासूनच सुरू करा. माशांना कुरमुरे फेकायचा हात इथे बसतो. तिकडे पाव कुस्करला की काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात आणि व्हिडिओ भरगच्च दिसतो. प्रवाळांवरचं शेवाळ खरवडून खाणारे मासेही पावाला चटावले, तर ते शेवाळ कोण खाणार, असल्या शंका काढू नका. आपण काय साफसफाईला गेलोय?

सनस्क्रीन मात्र सढळ हाताने चोपडा. प्रवाळांना बाधतं म्हणून ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत २०२१पासून बंदी आहे म्हणे. कुठे हवाई, कुठे आपलं वर्तकनगर!

आता मुख्य काम, पाय टेकणे. लाइफ जॅकेट तरंगवतं हे खरं, पण मास्कमध्ये पाणी शिरलं की ठाणेकराला जमीन लागते. पायाला लागेल त्या गोट्यावर उभे राहा. गाइड ओरडेल, "ताई, पाय टेकू नकात!" नाकातोंडात पाणी गेल्यावर कोणाला ऐकू येतं? मीही अर्धा मिनिट उभी होते. खडबडीत, वरून किंचित बुळबुळीत, पकड झकास. तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, हे मला होडीत चढल्यावर कळलं. ही जात वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा माझा हातभर गोटा बोटभर असणार. वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत. येऊरला बिबट्या दिसला तर आपण पळत सुटतो. इथे थेट पाठीवर उभं राहता येतं.

होडीवाला प्रवाळावर नांगर न टाकता लांब बोयाला होडी बांधत असेल, तर हुज्जत घाला. तेवढं पोहायचं कोणी? एका वेळी मोजकीच माणसं सोडतो म्हणाला, तर सांगा, आम्ही अकरा जण आहोत आणि सुरमईची थाळी सांगून आलोय. पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळांची वाट लागली म्हणून थायलंडने माया बे हा किनारा २०१८मध्ये बंद केला तो थेट २०२२मध्ये उघडला. एवढा वेळ थाळी गरम राहत नाही.

घरी आल्यावर व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाका. माझ्या व्हिडिओत मासे कमी, माझ्याच पायांनी उडालेली वाळू जास्त आहे. तरी अठ्ठावीस अंगठे आले, आणि दोन बिऱ्हाडांनी होडीवाल्याचा नंबर मागितलाय.