बघायला येणाऱ्यांनो, घरीच बसा

काल संध्याकाळी पाहुणे माझे तीन घोडेस्वार, शिशाचे, मी रंगवलेले, घेऊन गेले. चोरून नाही, राजरोस. येताना ज्या पिशवीतून केळी आणली, त्याच पिशवीत घालून नेले. आणि आमच्या मातोश्री त्यांना दारापर्यंत पोचवून वर म्हणतात, "न्या हो, त्याच्याकडं डबे भरून पडलेत."

डबे भरून पडलेत! ज्वारी आहे का ती?

पाय मुरगळलेला माणूस म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. कसा मुरगळला ते सांगत बसत नाही. पाणी रात्री दोनला आलं एवढं म्हटलं की सोलापूरकराला पुढचं आपोआप कळतं. हौद, शेवाळ, अंधार. रिक्षावाल्यानंसुद्धा बँडेजकडं बघून "पाणी भरताना का?" एवढंच विचारलं आणि गिअर टाकला.

हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलंय. पाय उशीवर ठेवायचा, जिना चढायचा नाही. आता माझं रंगवायचं टेबल, दिवा, ब्रश, सगळं गच्चीवरच्या खोलीत. म्हटलं, रंगवता येत नाही तर निदान नवीन प्रोजेक्ट, म्हणजे टेबलावर शिपाई मांडून खेळायची पुढची लढाई, तरी नीट आखून काढू. एकदा तरी आधी कागदावर ठरवू आणि मग पैसे घालवू. पण खाली मला जागा कुठली, तर हॉलमधला दिवाण. दाराच्या बरोबर समोर. येणारा प्रत्येक जण चप्पल काढतो आणि थेट माझ्या ऑर्डर ऑफ बॅटलवर, म्हणजे कुणाकडं किती फौज याच्या कागदांवर, येऊन टेकतो. परवा एक गृहस्थ अर्धा तास इंग्रज सेनापती मन्रोच्या तोफखान्यावर बसून होते. उठल्यावर कागद त्यांच्या पँटला चिकटून निम्म्या हॉलपर्यंत गेला.

तर काल काका-काकू आले, नातवाला घेऊन. सुट्टी लागलीय ना. काकांनी नकाशा उचलला. उलटा धरला.

"हे काय काढलायस बे?"

"आपला किल्ला."

"आणि ह्या रेघा?"

"शिड्या. इंग्रज शिड्या लावून पेठेत शिरले, ते."

"सोलापुरात?"

"हो. १० मे १८१८."

"कोण जिंकलं?"

"इंग्रज."

"मग हरलेली लढाई कशाला मांडायलास? महाराजांचं काहीतरी कर की!"

हा माणूस मला कळायला लागल्यापासून रोज सकाळी किल्ल्याच्या बागेत फेऱ्या मारतो. बुरुजाला पाय लावून पोटऱ्या ताणतो. त्या भिंतीवर गोळे कुणी टाकले हे त्याला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. आष्टी तरी लोकांना माहीत असते, बापू गोखले पडले म्हणून. तीही आपल्याच जिल्ह्यातली, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली. पण सोलापूरची लढाई म्हटली की समोरचा असा बघतो की मी ती हौदाजवळ डोकं आपटून घेतल्यावर रचलीय.

आणि लढाई काय सुंदर आहे, सांगू का? दुसरा बाजीराव पुढे पळतोय, पायदळ आणि तोफा सोलापुरात ठेवून. सोबतीला गणपतराव पानसे, तोफखान्याच्या घराण्यातला माणूस. मन्रो ९ मेला समोर येऊन ठाकतो. दुसऱ्या दिवशी पेठेवर शिड्या. पानसे आत कोंडून न घेता तोफा घेऊन बाहेरून बगलेवर येतो, तिथं वेगळीच चकमक. संध्याकाळी पेशव्यांची फौज काढता पाय घेते, इंग्रजांकडच्या प्रित्झलरचं घोडदळ मागे लागतं, सीनेपर्यंत धूळधाण. किल्ला मात्र १५ मेपर्यंत टिकतो. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये शिडीचा हल्ला, बगलेचा हल्ला, पाठलाग आणि वेढा! अशा लढाया खेळणाऱ्या कुठल्याही वॉरगेमरला विचारा, एवढं एका गावात मिळतं का. वॉटर्लूच्या मागे जग लागलंय, तिथल्या एकेका रेजिमेंटच्या बटणांचा रंग पुस्तकात सापडतो. वॉटर्लू १८१५, सोलापूर १८१८. तीनच वर्षांचा फरक, आणि माझ्या पानशाच्या गोलंदाजांच्या डोक्यावर नेमकं काय होतं हे शोधता शोधता डोळे पांढरे होतात.

हे सगळं मी काकांना सांगितलं. खरंच सांगितलं, हातवारे करून. ते शेंगाची चटणी बोटाने चाटत ऐकत होते. मग म्हणाले, "पाय असा झाल्यावर माणसं ज्ञानेश्वरी वाचतात रे."

तोपर्यंत नातवाच्या हातात घोडेस्वार गेला होता.

हे तिघं नवीन प्रोजेक्टचे नमुने होते. रंगसंगती ठरवायला, पाय मुरगळायच्या आधी रंगवलेले. २८ मिमी उंचीचे. मूठ साच्यातून बंद येते, म्हणून बारीक ड्रिलने तिला भोक पाडलेलं आणि त्यात पितळी तारेचा भाला बसवलेला. भाल्याचं पातं हातोडीने चेपून केलेलं. घोड्याच्या झुलीवर तांबड्याच्या तीन छटा, घडीत गडद, उंचवट्यावर फिक्या, आणि कडेला दोन-शून्य ब्रशने पिवळे ठिपके, श्वास रोखून. रंग जपणारं वॉर्निश मारायचं राहिलेलं. वॉर्निश! ज्यांना कळतं त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. पोराने केळं खाल्लेल्या हाताने घोड्याचं मुंडकं धरलं आणि भाल्याचा बरोबर काटकोन केला. वर मला विचारतो, "याची बंदूक कुठाय?"

म्हटलं, बाळा, ठेव ते, त्यात शिसं असतं, तोंडात घालायचं नाही. तर काकू माझ्याकडं बघून म्हणतात, "असलं विषारी घरात कशाला ठेवतोस?" आणि तेच विषारी लगेच पिशवीत! "दिवाळीला किल्ल्यावर ठेवायला छान होतील." मे महिना चाललाय. बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे. यांना दिवाळीचा किल्ला आठवतो. माझे घोडेस्वार मोहरी पेरलेल्या चिखलात गुडघाभर उभे राहणार, शेजारी मातीचा मावळा त्यांच्या तिप्पट उंच, आणि वर सुतळी बॉम्ब.

काकांनी जाता जाता पाठीवर थाप मारली. "लहान झालायस बे परत."

लहान! १८२४ साली प्रशियाच्या सेनापतींपुढे राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळून दाखवली, आणि त्यांनी ती थेट सैन्याच्या शिक्षणात घेतली. आजारपणाचंच म्हणाल तर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन छातीच्या दुखण्याने दावोसला जाऊन राहिला होता, १८८१ च्या हिवाळ्यात. तिथं माळ्यावर जमिनीवर रंगीत खडूने नकाशा काढून सावत्र पोराबरोबर शिशाच्या शिपायांच्या मोहिमाच्या मोहिमा खेळायचा. त्याला कुणी बघायला येऊन शिपाई पिशवीत घालून नेल्याचं वाचनात नाही. दावोसला काकू नव्हत्या.

बरं, एकटे काकाच असते तर गिळलं असतं. रोज कुणीतरी आहेच. आल्या आल्या "फ्रॅक्चर नाही ना?" नाही म्हटलं की तोंडं अशी पडतात की यायचं भाडं वाया गेलं. मग उपचार. आंबेहळद. तुरटी. कोंबट मिठाचं पाणी, तेही आमच्याकडं, जिथं प्यायचं पाणी मोजून वापरतो. एकाने तर कुठल्याशा खेड्यातला माणूस सुचवला, "एका झटक्यात बसवतो." मला तो झटकाच ऐकवेना. आणि प्रत्येकाच्या कुणातरी नात्यातल्याचा पाय असाच मुरगळला होता, त्याने दुर्लक्ष केलं आणि आता तो लंगडतो.

यात कुरियरवाल्याचा फोन. "पत्ता सापडंना, खाली या." मी खाली येऊ शकत नाही दादा, पाय बांधलाय. "मग उद्या." तो उद्या अजून उजाडायचाय. त्या पार्सलमध्ये मन्रोच्या फौजेतले मद्रासचे शिपाई आहेत, तांबड्या कोटाचे, कस्टमवाल्यांना फिगरच्या निम्मी किंमत मोजून सोडवलेले. साता समुद्रापलीकडून सोलापुरापर्यंत आले आणि इथल्या सात रस्ता चौकातून परत गेले. मन्रोला एवढा त्रास झाला नसेल.

आणि उन्हाळा. पाय धड असता तरी काय दिवे लावणार होतो? या दिवसांत गच्चीवर रंगाआधीचा स्प्रे प्रायमर मारला की तो हवेतच वाळतो आणि फिगरवर रव्यासारखा बसतो. पहाटे मारावा तर पहाटे पाणी भरायचं असतं. रंग ब्रशवर वाळतो. स्पंज भिजवून वर बटर पेपर टाकून पॅलेट करावं तर घरचे म्हणतात, "ह्या स्पंजला पाणी आहे, आणि कुंडीला नाही?" शिपायांच्या पायाखालच्या बेसला माती म्हणून चहाची पूड वाळवून ठेवली होती, ती भांडी घासताना खरकट्यात गेली. तिसऱ्यांदा सांगतोय घरात, ती पूड कचरा नाही. बरणीवर आता लेबल लावलंय, "सोलापूरची जमीन, हात लावू नये." त्यावर बायको एवढं हसली की मलाच हसू आवरेना.

ती म्हणालीच शेवटी, "आधीच्या जमिनीचं काय झालं?"

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. कपाटावर पानिपत आहे. गारद्यांचे, म्हणजे कवायती पायदळाचे, कोट रंगवून झालेत, चेहरे राहिलेत. कित्येक संक्रांती इब्राहिमखानाची पलटण नाक-डोळ्यांविना उभी आहे, १४ जानेवारी येते आणि तिळगूळ खाऊन जाते. त्याच्या खालच्या डब्यात पालखेड. नुसते घोडे, स्वार नाहीत. पालखेड घेतल्यावर लक्षात आलं की ती टेबलावर मांडायची कशी हाच प्रश्न आहे, कारण थोरल्या बाजीरावाने निजामाला धड लढाई करूच दिली नाही. पळवला, दमवला, पाण्यावाचून कोंडला. २८ फेब्रुवारी १७२८ ला कोंडला आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह. पाणी बंद केलं तर निजाम आठवड्यात सही करतो. आम्ही सोलापूरकर असतो तिथं तर म्हणालो असतो, आठवडाच ना? टाकी भरलेली आहे.

तर नवीन प्रोजेक्ट का, हा प्रश्न घरच्यांनी विचारू नये. जुने संपवून नवीन घेणारा वॉरगेमर मला दाखवा, त्याच्या पाया पडतो. पडता येईल तेव्हा.

खरी गोची स्केलची आहे. २८ मिमीला माणूस साधारण साठाव्या हिश्श्याचा. त्याच मापाने तट, खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव करायला गेलो तर टेबल सोडा, गल्ली अडवावी लागेल. १५ मिमीला सगळं आटोक्यात येतं, शिड्या अगरबत्तीच्या काड्यांच्या होतात, पण मग झुलीवरचे ठिपके विसरा. कालपर्यंत मी २८ वर ठाम होतो, कारण तीन स्वार तयार होते. काकूंनी तो प्रश्न पिशवीत घालून सोडवला.

आणि खेळणार कुणाशी? माझा जोडीदार पुण्याला गेला. सोलापूरची पोरं दुसरीकडं कुठं जातात! हिंजवडीतून फोन करतो, "इकडं ये की, इथं ग्रुप आहे, टेबलं आहेत." अरे, लढाई सोलापूरची, किल्ला सोलापुरात, आणि ती खेळायला हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढून मी पुण्याला यायचं? वर विचारतो, "पाय कसाय?"

एक माणूस मात्र शहाणा निघाला. शेजारचे अण्णा. जन्म जेकार्ड मागावर गेला, टॉवेल आणि चादरी. ते आले, बसले, तिघांतला एक स्वार उचलून चष्मा कपाळावर नेऊन अगदी डोळ्याजवळ धरला. पायाचं विचारलंच नाही. म्हणाले, "काठाला ठिपका-ठिपका कशाला, एक मोठा, दोन बारीक घे. लांबून भरलेला दिसतो." चहा पिऊन गेले. स्वार जिथून उचलला होता तिथंच, घोड्याचं तोंड त्याच दिशेला करून ठेवला. हे परवाचं. म्हणजे स्वार होते तेव्हाचं.

अण्णांचा काठ १५ मिमीत बसत नाही, मला माहितेय. तरी १५ च करतोय. ठरलं. मद्रासचे शिपाई २८ चे येतायत ते वेगळं, त्यांचं पुढे बघू, कपाटावर जागा आहे.

किल्ल्याच्या शिबंदीत अरब होते, आणि तेच मला कुठं मिळेनात. कुणाकडं १५ मिमीचे अरब पडून असतील, बंदूकवाले, न रंगवलेले चालतील, तर कळवा. रोख पैसे देतो. पार्सलने पाठवा. "तुझा पायही बघून जातो" म्हणून स्वतः घेऊन येऊ नका.