शेपूट असले की पुरे : पारितोषिकेच्छू चित्रकथाकारांस काही सूचना

प्राणी माणसांसारखे बोलतात, कपडे घालतात, कर्जाचे हप्ते भरतात आणि प्रेमात पडून फसतात, अशी चित्रकथा काढण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर आपले अभिनंदन. चित्रे कशी काढावीत, गोष्ट कोणती सांगावी, हे किरकोळ प्रश्न मागाहून सुटतील. पारितोषिकाचा कोणता विभाग आपल्या अंगाला बसतो हे मात्र आधी ठरवावे, कारण पात्राला कान किती लांब हवेत हेही त्यावरच अवलंबून असते.

आपले पहिले लक्ष्य अर्थातच 2001 साली सुरू झालेली अर्सा मेजर पारितोषिके. केवळ मानवीकृत प्राण्यांच्या कलाकृतींसाठी असलेल्या या पारितोषिकांत चित्रकथेच्या पुस्तकांना एक विभाग आहे आणि कॉमिक स्ट्रिपला दुसरा. नाव आकाशातल्या मोठ्या अस्वलावरून घेतलेले आहे. ज्या तारकांत आपण सप्तर्षी पाहतो, त्यांना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असत, असे शतपथ ब्राह्मणात नोंदवलेले आहे, आणि ऋक्ष म्हणजे अस्वलही. म्हणजे अस्वलांना ऋषिपद मिळायला तिथे बराच काळ जावा लागला. आपल्याला तेवढा धीर धरण्याचे कारण नाही, कारण येथे नामांकन कोणालाही करता येते, त्यांतून निघालेल्या अंतिम यादीवर मतही कोणालाही देता येते, आणि मध्ये कोणी ऋषी बसलेले नसतात.

ही व्यवस्था ध्यानात आली की कष्ट कोठे करायचे हे आपोआप कळते. कथेतला सर्वांत उत्कंठेचा प्रसंग मतदानाच्या आठवड्यातच यावा, कोल्हा कड्यावरून लोंबकळत असावा, आणि त्याच्या शेपटीच्या खाली मतपत्रिकेचा दुवा असावा. कोल्हा वाचणार की नाही हे मतांवर ठरेल, असे सांगण्याची गरज नाही. वाचक सुज्ञ असतात. रिक ग्रिफिन यांची ‘हाउसपेट्स!’ ही पाळीव प्राण्यांची वेबकॉमिक, म्हणजे आंतरजालावरची चित्रकथा, 2008 साली सुरू झाली आणि 2009 पासून पुढे कितीतरी वर्षे लागोपाठ स्ट्रिपचे पारितोषिक तिनेच नेले. याचा भाबडा अर्थ असा लावता येईल की आठवड्यातून तीनदा, न चुकता, वर्षानुवर्षे पान समोर ठेवले तर वाचकांना लळा लागतो. हा अर्थ मनातून काढून टाकावा, कारण त्यात पाने काढावी लागतात.

आता प्राणी निवडू. कोल्हा, लांडगा किंवा मांजर यांच्या पलीकडे जाऊ नये. माणूस काढावा, त्याला कान लावावेत, मागे शेपूट जोडावी, की काम झाले. तो काय खातो, कशाला भितो, त्याला वास कशाचे येतात, या चौकशीत शिरू नये, नाहीतर बिल हॉलब्रूक यांच्यासारखी अवस्था होते. त्यांच्या ‘केविन अँड केल’मध्ये नवरा ससा आहे आणि बायको लांडगीण. ती शिकारीची नोकरी करते, म्हणजे नवऱ्यासारख्या शाकाहारी प्राण्यांना मारून घर चालवते. एवढा एक पेच हाती आल्यामुळे हा गृहस्थ 1995 पासून थांबलेलाच नाही, आणि वर्तमानपत्रांसाठीच्या दोन स्ट्रिपा वेगळ्या. वेबकॉमिक काढणाऱ्यांनीच मते देण्याची वेब कार्टूनिस्ट्स चॉइस पारितोषिके 2001 साली सुरू झाली. त्यांत मानवीकृत प्राण्यांसाठी स्वतंत्र विभाग होता, आणि 2008 नंतर ती संपलीसुद्धा. सशाचा संसार पारितोषिकाच्या आधी सुरू झाला आणि नंतरही चालू राहिला, याहून शिस्तभंग तो कोणता? चित्रकथेने पारितोषिकाहून जास्त जगू नये, हा साधा संकेत आहे.

वॉम्बॅट तर मुळीच निवडू नये. अर्सुला व्हर्नन यांनी ‘डिगर’मध्ये नेमका तोच निवडला, म्हणजे जमीन खणणारा, बुटका, गोलमटोल प्राणी, ज्याच्यासाठी मतदार रांग लावतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. ही वॉम्बॅट बाई व्यवहारी, देवाधर्मावर आणि जादूवर तिचा काडीचा विश्वास नाही. ती खणत खणत बाहेर पडते ती थेट गणपतीच्या देवळात, आणि तिथली मूर्ती तिच्याशी बोलू लागते. वॉम्बॅटऐवजी तिथे कोल्हा असता तर दोन पानांत प्रेमप्रकरण उरकून मोकळे होता आले असते. व्हर्ननबाई मात्र आंतरजालावर काळ्या-पांढऱ्या रेषांत वर्षानुवर्षे खणत बसल्या, आणि 2012 साली त्यांच्या हाती ह्यूगो पारितोषिक लागले, जे प्राण्यांचे नसून विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचे. विभाग चुकला की असे होते.

यापेक्षाही मोठा धोका आहे, तो प्राण्याला अर्थ देण्याचा. आर्ट स्पीगलमन यांनी ‘माऊस’मध्ये आपल्या वडिलांची छळछावणीतली हकीकत सांगताना ज्यू उंदीर दाखवले, जर्मन मांजरे दाखवली आणि पोलिश डुकरे दाखवली. न्यूयॉर्क टाइम्सने हे पुस्तक खपाच्या यादीत ललित साहित्यात घातले. लेखकाने तक्रार केली तेव्हा ते उचलून ललितेतर यादीत ठेवण्यात आले. पुढे 1992 साली त्याला पुलित्झरचे पारितोषिक मिळाले, तेही ‘विशेष’ म्हणून, कारण हे बसवायचे कोणत्या खणात हेच कोणाला सुचत नव्हते. आपल्या उंदराला वाचकांनी उंदीर म्हणणेच सोडून दिले, तर मानवीकृत प्राण्यांच्या विभागाचा दावा आपण कोणत्या तोंडाने करणार? जपानच्या पारू इतागाकी यांनी ‘बीस्टार्स’मध्ये मांसाहारी आणि शाकाहारी प्राणी एकाच शाळेत घालून भूक आणि ओढ यांतला फरक विचारण्याचा असाच आगाऊपणा केला, आणि 2018 साली मंगा ताइशो व कोदान्शा या जपानी चित्रकथांच्या दोन्ही पारितोषिकांचे ओझे त्यांच्या अंगावर आले.

चित्रांबद्दल थोडक्यात. ‘ब्लॅकसॅड’ या बोक्या-गुप्तहेराच्या मालिकेत हुआन्हो ग्वार्निदो जलरंगात पान न् पान रंगवतात. 2013 साली चित्रकथांसाठीच्या अमेरिकी आयझनर पारितोषिकांत त्यांच्या रंगकामाचा सन्मान झाला. त्यांची एक शेपूट रंगवून होईपर्यंत आपली तीन नामांकने होतील.

शेवटी पारितोषिक हाती घेण्याविषयी. चित्रकथांसाठीची इग्नॅट्झ पारितोषिके 1997 पासून दिली जातात. त्यांचे नाव जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’मधल्या उंदरावरून ठेवले आहे, आणि विजेत्याला मिळते ती वीट. तो उंदीर मांजराच्या डोक्यात विटा घालीत असे आणि मांजर त्यांना प्रेमाची खूण समजे. (क्रेझी नर की मादी हे हेरिमन यांनी कधी पक्के ठरू दिले नाही, मराठीत ‘ते मांजर’ म्हणता येते, म्हणून आपण वाचलो.) वीट मिळालीच, तर ती कोणी फेकली आणि कशासाठी, याचा विचार करीत बसू नये. तिचे छायाचित्र काढून ताबडतोब आपल्या वेबकॉमिकच्या पहिल्या पानावर टाकावे, खाली ‘पुढील भाग लवकरच’ असे लिहावे, आणि तो भाग काढायचा की नाही हे पुढच्या वर्षीची नामांकने सुरू झाली की ठरवावे.