शेतीला लागणाऱ्यांसाठी हिताच्या गोष्टी

आजच्या सीरियात, युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेयरा गावात सुखाने नांदताय? मग आता शेतीला लागा. हरणांचे कळप दरसाल न बोलावता येतात, धान्य रानात आपोआप पिकतं आणि पोट भरल्यावर तुम्ही लोळत पडता. शोभतं का हे?

मुहूर्तही झकास आहे. हिमयुग सरलं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात आणि सुमारे 12,900 वर्षांपूर्वी थंडी परत आली. पावसाने दडी मारली, रानटी गहू दिसेनासा झाला. हा मुक्काम हजारेक वर्षांचा आहे, तेव्हा 'पुढच्या साली बघू' चालायचं नाही. (पुढे विद्वान या काळाला यंगर ड्रायस म्हणतील आणि शेती थंडीने सुरू झाली की थंडी गेल्यावर, यावर भांडत बसतील. तुम्ही पेरत राहा.)

बियाण्याचं मात्र नीट ऐका. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे गळून पडतात. एखादीच ओंबी अशी निघते की दाणे सोडत नाही. रानात तिचा वंश बुडतो. पण तुमच्या विळ्याला सापडते ती तीच, घरी येते ती तीच आणि पेरली जाते तीही तीच. शेकडो पिढ्या हे केलंत की तुमच्या हाताशिवाय तिला गती नाही. तुम्हालाही तिच्याशिवाय नाही, पण ते पेरणीआधी कोण सांगतो?

दळणाची चिंता नको, घरात बायका आहेत. पाटा जमिनीवर, गुडघे टेकलेले, पायाची बोटं मागे दुमडलेली आणि रोज तासन्‌तास पुढे-मागे. अंगठा, गुडघा, कंबर, तिन्ही कामातून जातात. पिठातल्या कचेने दात झिजतात ते वेगळेच. तक्रारीची दखल घेतली जाईल. थिया मॉलेसन नावाच्या हाडांच्या अभ्यासक बाई लंडनमध्ये तुमची हाडं तपासून सगळं लिहून ठेवतील. जरा उशीर होईल, इतकंच.

धान्य साठवलंत की घरात उंदीर येतील. त्यामागून वसुलीवालेही.

आणि गावाची काळजी करू नका. 1972-73 मध्ये लोक येऊन ते घाईघाईने उकरतील, मग त्यावर तबका धरणाचं पाणी चढेल. वीज हवी ना, आणि शेतीला पाणी.