‘एआय डॉक्टर’ला सरकारने मान्यता दिलेली नाही

रविवारी मावशीचा फोन आला. बोलता बोलता कळलं की रक्तदाबाची गोळी ती आठ दिवसांपासून अर्धीच घेतेय. कुणाला विचारून? “अरे, फोनमधल्या डॉक्टरला. सरकारनेच आणलाय तो, आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय.” तो मेसेज मलाही दोन ग्रुपवर आला होता, मी न वाचता सोडून दिला होता. आता ओळ न ओळ वाचलाय.

मेसेज म्हणतो: सरकारने एआय डॉक्टरला मान्यता दिली, तो लक्षणं ऐकून औषध लिहून देतो. आभा कार्ड असलं की सगळे उपचार मोफत. एक्स-रे वाचायला आता माणूस लागत नाही. आणि मशीन कधी चुकत नाही.

पहिलं वाक्य धादांत खोटं आहे आणि सगळ्यात घातक तेच आहे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात स्पष्ट लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला द्यायची किंवा औषध लिहून द्यायची परवानगी नाही. ते काम नोंदणीकृत डॉक्टरचं, आणि तेही त्याने रुग्णाशी थेट बोलून करायचं. एआयने डॉक्टरला मदत करावी, एवढीच मुभा आहे. मग ही ‘मान्यता’ आली कुठून?

मावशीने चॅटमध्ये लिहिलं होतं, “बीपीची गोळी घेते, चक्कर येते.” उत्तर आलं, डोस निम्मा करून पाहा. बीपी किती आहे, हे विचारलं नाही. ती मधुमेहाच्याही गोळ्या घेते, हेही विचारलं नाही. चक्कर साखर उतरल्याने येते, कानाच्या दोषाने येते, रक्त कमी असलं तरी येते. सोमवारी तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, तर बीपी १७० वर १००! त्यांनी गोळी पूर्ववत केली आणि चक्कर आली की लगेच साखर मोजायला सांगितलं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, चूक झाली तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. त्या चॅटच्या उत्तराला जबाबदार कोण?

आभा म्हणजे चौदा आकडी क्रमांक. तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या एकत्र जोडण्यासाठी. तो विमा नाही. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार देणारी पीएम-जय ही वेगळी योजना आहे आणि तिचं कार्डही वेगळं.

एक्स-रेच्या बाबतीत मात्र थोडं मान्य करावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या लोकांच्या टीबी चाळणीसाठी, म्हणजे संशयित रुग्ण वेगळे काढण्यासाठी, छातीचा डिजिटल एक्स-रे सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायला हरकत नाही, असं सांगितलं. जिथे रेडिओलॉजिस्टच नाही, त्या तालुक्याला याचा खरंच उपयोग आहे. पण ही फक्त चाळणी झाली. सॉफ्टवेअरने संशय दाखवला की पुढे थुंकीची तपासणी करावीच लागते. मेसेजने नेमकं तेच गाळलंय.

राहिलं ‘कधी चुकत नाही’. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारं गूगलचं सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत उत्तम चाललं होतं. थायलंडच्या दवाखान्यांत नेल्यावर पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के त्याने वाचण्याजोगे नाहीत म्हणून नाकारले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, हे त्यामागचं एक मोठं कारण. आपल्याकडची डोळे तपासणीची शिबिरं कुठे भरतात? शाळेच्या व्हरांड्यात, भर उजेडात.

भजनी मंडळाच्या ग्रुपवर ज्यांनी मेसेज टाकला, त्या काकांना मी मार्गदर्शक तत्त्वांचं ते पान पाठवलंय. त्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात. मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे.