उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचत नाही

"दादा, आख्खा घाट न्यूट्रलवर उतरले, बरंच पेट्रोल वाचलं बघ!" परवा धाकटी बहीण फोनवर हे सांगत होती आणि माझ्या पोटात गोळा आला. तिने नुकतीच ऑटोमॅटिक गाडी घेतलीय. घरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तिने मनावर घेतला: उतारावर 'एन' (न्यूट्रल) टाका, सिग्नललाही 'एन' टाका पण इंजिन बंद करू नका, सकाळी पाच मिनिटं इंजिन गरम करा, ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त पितेच, तेवढंच वाचेल.

आधी उताराचं बघू, कारण यात जीव जाऊ शकतो. कार्बोरेटरच्या जमान्यात न्यूट्रलवर थोडं इंधन वाचायचं, हे खरं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गाडी 'डी'मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे गिअरमध्ये) असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतं त्या पातळीच्या, जवळ येईपर्यंत पेट्रोल शून्य. 'एन' टाकलंत की चाकांचा आधार सुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि वर खर्च केलात! शिवाय इंजिन ब्रेकिंग (इंजिनाच्या अडवणुकीने गाडी हळू होणं) गेलं, सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर लागेनासे होतात. अगदी सौम्य उतारावर, जिथे इंजिन ब्रेकिंगने गाडी नको तितकी हळू होते, तिथे मोकळी सोडून किंचित फायदा होतो. पण ते काम काही गाड्या स्वतःच करतात. आपण लिव्हर ओढायचा नाही.

सिग्नलला 'एन'? लांब थांबा असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवरचा (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागावरचा) ताण थोडा कमी होतो, एवढं मान्य. पण इंजिन बंद करू नका म्हणणं साफ चूक. अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो की 10 सेकंदांपेक्षा जास्त आयडलिंगला बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा जास्त इंधन लागतं. पाच मिनिटं गरम करायचा सल्लाही इथेच निकालात निघतो. निघा आणि सुरुवातीला हळू चालवा.

ऑटोमॅटिक जास्त पितेच? जुन्या तीन-चार गिअरवाल्या प्यायच्या. आताच्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या, सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्सच्या) किंवा आठ गिअरवाल्या मॅन्युअलच्या बरोबरीने चालतात, कधी पुढेही जातात.

खरा खड्डा पडतो तो आपल्या उजव्या पायाने. त्याच विभागाच्या आकड्यांनुसार भसकन रेस देणं आणि करकचून ब्रेक मारणं यामुळे हायवेवर 15 ते 30 टक्के, तर थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये 10 ते 40 टक्के ॲव्हरेज घटतं. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

बहिणीला रविवारी पुन्हा तोच घाट उतरायचाय. 'डी'मध्येच राहा, वेग वाढायला लागला तर 'एल' (लो, म्हणजे खालचा गिअर) टाक किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घे, असं तिला लिहून पाठवलंय.