त्रिउंडला कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही

उन्हाळ्यात हिमाचलमधल्या धरमशालेला निघणाऱ्या नागपूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: तिथल्या डोंगरावरच्या त्रिउंडच्या कुरणावर ऑक्सिजन नसतो, पन्नाशीपुढच्यांनी जाऊ नये, गेलात तर कापराची पुरचुंडी हुंगत राहा.

कापराचं तर साफ चूक आहे. त्या वासाने नाक गार, मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. उलट लहान मुलाने वडी तोंडात टाकली तर झटके येऊ शकतात. पोरांच्या खिशात ती पुरचुंडी कृपा करून देऊ नका.

त्रिउंड सुमारे २,८५० मीटरवर आहे. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्याने दर श्वासाला तो कमी मिळतो. धाप लागेल, सिलिंडर मात्र लागत नाही. नुसत्या वयापायी कुणी घरी बसायचं कारण नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपलं नागपूर जेमतेम ३०० मीटरवर. म्हणून शरीराला उंचीची सवय व्हायला वाटेत, धरमशालेच्या वरच्या भागातल्या मॅक्लिओडगंजला एक मुक्काम कराच. सकाळी लवकर निघा, बोलता बोलता चढता येईल इतकीच चाल ठेवा. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली तर वर जाऊ नका, सरळ खाली उतरा.