मुलांपासून अठरावं शतक कसं जपाल?

पालकहो, सहामाही जवळ आली आहे. तुमची लेक इतिहासाचं पुस्तक घेऊन येईल आणि विचारेल, "औरंगजेब मेल्यावर काय झालं?" घाबरू नका. 'मोगल सत्ता खिळखिळी झाली' हे चार शब्द उच्चारा आणि पूर्णविराम द्या. जरा दाबूनच द्या. त्यापुढे "म्हणजे कशी?" आलं, की त्या संध्याकाळी गणित बुडालंच म्हणून समजा.

सन मात्र सांगा. १७०७. सनाने कुणाला अपाय झाल्याचं ऐकिवात नाही. पण नगरजवळ भिंगारला ८८ वर्षांचा बादशहा गेला, आणि त्याचा मुलगा मुअज्जम आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत भावाचा काटा काढून गादीवर बसला तेव्हा ६३ वर्षांचा होता, हे सांगायच्या फंदात पडू नका. "आजोबांना त्या वयात पेन्शन होती, याला नोकरी लागली?" असं ती विचारेल. लोक त्याला 'शाह-ए-बेखबर' म्हणत, हे तर चुकूनही नको. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या बाबांना दुसऱ्या दिवसापासून घरात कोणती पदवी मिळेल, ते वेगळं सांगायला नको.

आता ताराबाई, छत्रपती राजारामाची विधवा. तिला 'शूर' म्हणा आणि १७०७ पाशी हळूच सोडून द्या. पुस्तकं बहुधा असंच करतात आणि पुस्तकांचं सगळं उत्तम चाललं आहे. पुढचं धोक्याचं आहे. सातव्या वर्षी रायगडावर मोगलांच्या हाती लागलेला संभाजीपुत्र शाहू पंचविशीत सुटून आला, तेव्हा ताराबाईने सांगितलं, हा तोतया आहे. भीमेकाठी खेडला दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं राहिलं. दोन्हीकडे मराठेच! सेनापती धनाजी जाधव ताराबाईकडून आला आणि शाहूला मिळाला. शाहूने साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला, ताराबाई पन्हाळ्याला गेली, आणि १७१४ मध्ये तिच्याच सवतीने, राजसबाईने, तिला मुलासकट कैदेत टाकून स्वतःचा मुलगा गादीवर बसवला. हे तुमच्या मुलीला लगेच समजेल. कोकणातल्या घराच्या वाटणीवरून काका आणि बाबा अकरा वर्षं बोलत नाहीत, हे ती रोज बघतेच आहे. एरवी इतिहास अवघड म्हणणारं पोर भाऊबंदकी मात्र फार पटकन शिकतं. ही ताराबाई पानिपतही पाहून १७६१ च्या डिसेंबरात वारली, एवढं कळलं तर लेक रात्री जेवायला उठायची नाही.

जहांदारशाह वगैरे वगळा. तो वर्षभरही टिकला नाही, आपण कशाला एक परिच्छेद खर्च करा?

१७१९ हे साल मात्र कडीकुलपात ठेवा. त्या एका वर्षात दिल्लीच्या तख्तावर चार बादशहा बसले. दरबारात बादशहा बसवणाऱ्या-उठवणाऱ्या सय्यद बंधूंनी फर्रुखसियर बादशहाला जनानखान्यातून फरफटत काढलं, डोळे फोडले, पुढे गळा आवळून मारलं. मग रफीउद्दरजत, तो क्षयाने गेला. मग त्याचा भाऊ रफीउद्दौला, तोही सप्टेंबरात संपला. मग मुहम्मदशाह. हे ऐकून पोरगी म्हणेल, "आमच्या वर्गाचा मॉनिटरसुद्धा जास्त टिकतो." आणि मग विचारेल, "त्या वेळी आपले लोक कुठे होते?" तिथेच होते. शाहूचा पेशवा बाळाजी विश्वनाथ मराठी फौज घेऊन सय्यदांच्या मदतीला दिल्लीत गेला होता. ज्या मोगलांशी सत्तावीस वर्षं झुंजलो, त्यांचा बादशहा कोण असावा, या भांडणात आपण एका बाजूला उभे! यावर पोरीला काय उत्तर द्यायचं, ते मला सुचलेलं नाही, तेव्हा प्रश्नच येऊ देऊ नका.

त्याऐवजी या मदतीच्या बदल्यात मोगलांकडून शाहूला मिळालेल्या सनदा पाठ करून घ्या. स्वराज्याची, चौथाईची, सरदेशमुखीची. तीन सनदा, तीन मुद्दे, तीन गुण. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा, इतकंच. बेरीज करू देऊ नका. शंभरातले पस्तीस निघाले की ती विचारेल, दख्खनच्या सहा सुभ्यांतल्या शेतकऱ्याला मोगलांचा सारा भरून उरायचं काय? तो धडा अभ्यासक्रमात नाही, असं सांगा. खरंच नाही.

फर्रुखसियरने १७१७ मध्ये इंग्रजांच्या कंपनीला वर्षाकाठी ३,००० रुपयांवर बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराचं फर्मान दिलं, हेही दडवा. तिच्या शिकवणीची फी महिन्याला त्याहून जास्त आहे. ती हिशेब घालेल आणि शिकवणी बंद करून कंपनी काढू म्हणेल.

एवढी काळजी घेऊनही एक गोष्ट फटीतून आत येतेच. बाळाजी दिल्लीहून नुसत्या सनदा घेऊन आला नाही, शाहूच्या आईला, येसूबाईलाही घेऊन आला. शाहू सुटला तेव्हा मोगलांनी तिला ओलीस ठेवून घेतलं होतं. १६८९ पासून १७१९ पर्यंत, तीस वर्षं कैद. या तीस वर्षांना गुण नाहीत, म्हणून ती एका ओळीत उरकतात. तरी झोपायच्या वेळी अंधारातून आवाज येईल, "बारा वर्षांनी भेटल्यावर शाहू आईला पहिल्यांदा काय म्हणाला असेल?"

दिवा लावू नका. कुशीत तर अजिबात घेऊ नका. सकाळी उठल्यावर वही द्या आणि १७१९ हे साल पन्नास वेळा लिहून आणायला सांगा. अक्षर सुवाच्य हवं.